चहाच्या सुट्टीत दिलेला सल्ला

त्याचा हात ज्या दिवशी गेला, त्या दिवशी तो पोलीस ठाण्यात आहे हे मला दुपारच्या जेवणाआधीच कळलं होतं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्याच्या आईला नाही, आणि ज्या चौकशीत मला हे सरळ विचारलं गेलं, तिथेही नाही.

मी वकील आहे. भोपाळमध्येच वाढलो, इथेच काळा कोट चढवला. कोर्टातली कामं असतातच, पण माझं नाव झालं ते वेगळ्या कामामुळे. मी पोलिसांना शिकवतो. अटक करताना, झडती घेताना, कुणाला ठाण्यात बसवून ठेवताना पोलीस स्वतः कायद्याच्या कचाट्यात कसा सापडतो, आणि सापडू नये म्हणून त्याने काय करावं, हा माझा विषय. माझ्या आधी एक निवृत्त प्राध्यापक हे वर्ग घ्यायचे. माणूस विद्वान होता. पोलीस त्यांना मागे ‘किताबी साहब’ म्हणत आणि शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसत. आपण किताबी व्हायचं नाही, एवढं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं.

त्या वर्षी पोलिसांचं सभागृह दुरुस्तीला काढलेलं होतं, म्हणून वर्ग सरकारी कारखान्याच्या वसाहतीत भरत. ती वसाहत माझीच. वडील नागपूरहून या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि मी तिथल्याच क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालो. रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, आणि सगळा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चाललेला. भोंगा झाला की शिफ्ट सुटली, भोंगा झाला की जेवण. प्रशिक्षण केंद्राच्या ज्या हॉलमध्ये मी शिकवायचो, त्याच्या खिडकीतून खेळाचं मैदान दिसायचं, आणि मैदानापलीकडे वसाहतीचं पोलीस ठाणं.

प्रत्येक वर्गाची सुरुवात मी एकाच वाक्याने करत असे: “मैं आपका वकील नहीं हूँ. यहाँ जो बोलेंगे, वो गोपनीय नहीं है.” म्हणजे स्वतःची भानगड इथे उकलून बसू नका. त्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं, “सर, हम तो बस चाय के लिए आए हैं,” आणि वर्ग हसायचा.

पण भानगडी उकलल्या जायच्याच. त्याची एक रीत होती. पोलीस कधी ‘माझं असं झालंय’ म्हणत नाही. तो म्हणतो, “मान लीजिए सर.” मान लीजिए, एखाद्या शिपायाची सरकारी मोटारसायकल नाल्यात गेली. मान लीजिए, त्या वेळी तो ड्यूटीवर नव्हता. मान लीजिए, मागे मेहुणी बसलेली होती. सगळा वर्ग मागे वळून एका लंगडणाऱ्या शिपायाकडे बघायचा आणि तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा, “क्या है? मेरी तो मेहुणीच नाही!” तो आमचाच, पांढुर्ण्याकडचा मराठी माणूस होता, गडबडला की मराठीत घसरायचा.

तर पोलिसाचं ‘मान लीजिए’ कधीच मानलेलं नसतं, हे त्या हॉलमधल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. मलाही होतं. पण प्रश्न काल्पनिक आहे असं धरून उत्तर दिलं की देणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही. ही सोय त्यांना जितकी हवी होती, तितकीच मलाही.

त्या दिवशी सकाळच्या चहाच्या सुट्टीत वसाहतीच्या ठाण्यातला एक सब-इन्स्पेक्टर माझ्याजवळ आला. तिशीचा, नीट भांग पाडलेला, वर्गात सर्वांत जास्त टिपणं घेणारा. एका हातात मोबाइल होता. तो त्याने छातीशी उलटा धरला होता.

“मान लीजिए सर, किसी को सिर्फ़ पूछताछ के लिए बुलाया है. रोजनामचे में अभी चढ़ाया नहीं.”

रोजनामचा म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही. त्यात नाव नाही म्हणजे कागदोपत्री तो माणूस ठाण्यात नाहीच.

“हाँ, फिर?”

“वो फिसल गया. हाथ सूज गया है. काफ़ी सूज गया है. अस्पताल ले जाएँ, तो वहाँ लिखा जाएगा कि पुलिस लाई. फिर हमसे पूछेंगे, कब से बैठा था.”

बरोबर उत्तर एकच होतं. आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. ते मला पाठ होतं. जेवणानंतरच्या तासाला मी तेच शिकवणार होतो. पण आजूबाजूला आणखी चारपाचजण समोसे खात उभे होते, कान देऊन. दवाखान्यात न्या म्हटलं असतं तर मी किताबी झालो असतो. मी म्हणालो, “आपके हाथ से अस्पताल गया तो पहला सवाल आपसे होगा. घरवालों को बुलाइए. लिखित में सुपुर्द कीजिए, कब आया, चोट कैसे लगी, सब उनसे लिखवा लीजिए. इलाज वो कराएँ.”

“घरवाले शाम को मिलें तो?”

“तो शाम को,” मी म्हणालो, आणि समोशाचा तुकडा तोंडात टाकला.

बाजूला उभा असलेला एकजण म्हणाला, “इसको कहते हैं वकील.” सब-इन्स्पेक्टर खिडकीकडे गेला. मोबाइल कानाला लावून हळूच म्हणाला, “अभी मत ले जाना. घर से किसी को बुलवाओ पहले.” फोन पहिल्यापासून चालूच होता. मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायला जागा नाही, कारण त्याच क्षणी आमची नजरानजर झाली आणि मी चहाचा दुसरा कप उचलला.

जेवणाचा भोंगा त्यानंतर बऱ्याच वेळाने झाला. दुपारच्या तासाला मी ‘ताब्यातील व्यक्तीची वैद्यकीय तपासणी’ हा भाग घेतला. भरभर घेतला. मैदानापलीकडच्या त्या इमारतीकडे पाठ करून उभा राहिलो, एवढं आठवतं.

तो माणूस कोण, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर वेगळं वागलो असतो का? असतो. हेच तर सगळ्यात वाईट आहे. ओळखीचा निघाला असता तर धावत गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या. अमरावतीच्या. त्यांचे यजमान आणि माझे वडील एकाच विभागात होते. दोन अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण आणि त्यात ये-जा करायला पाडलेली फट. माझी आई आजारपणात महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी जेवलो ते त्या फटीतून पलीकडे जाऊन. काका गेल्यावर काकू बाग सेवनियाला दोन खोल्यांच्या घरात राहायला गेल्या. मुलगा कारखान्यातच लागला, पण ठेकेदाराकडे. विजेच्या मोटारींची कॉइल बांधायचा. त्याच्यासारखा हात साऱ्या शेडमध्ये नाही, असं पक्के कामगारसुद्धा म्हणत. मला तो दादा म्हणतो.

“बाप्पा, तू ये लवकर,” काकू फोनवर म्हणाल्या. “पोट्ट्याचा हात कापून ठेवलाय डॉक्टरांनी.”

हात कापलेला नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत चिरून उघडा ठेवला होता, सूज उतरावी म्हणून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं: हाड मोडलं होतं, आतून सूज वाढत गेली आणि स्नायूंचं रक्त बंद पडलं. सकाळीच आणला असता तर हात वाचला असता. आता बोटं वाकतील, पण पकड येणार नाही.

“पण घरचे म्हणतात संध्याकाळीच लागलं,” डॉक्टर म्हणाले. “लिहून दिलंय तसं.”

लिहून काकूंनीच दिलं होतं. कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली होती आणि ठेकेदाराच्या चारसहा माणसांना सकाळच्या शिफ्टलाच ठाण्यात नेलं होतं. शिपाई बाग सेवनियाला गेला तो दुपार टळल्यावर. काकू रिक्षाने आल्या. मुलगा बाकावर आडवा, दात आवळलेले. समोर कागद ठेवला गेला: संध्याकाळी चौकशीला येताना मोटारसायकलवरून पडला, ठाण्यात कुणी हात लावला नाही, आहे तसा ताब्यात मिळाला. सही करा आणि घेऊन जा. काकूंनी सही केली.

“मीच सही केली रे,” त्या मला म्हणाल्या. “काहून केली मी? वाचता येते मला, सातवीपर्यंत शिकली मी. वाचून केली. त्याले लवकर न्यावं म्हणून केली.”

“काकू, तुमचा काही दोष नाही,” मी म्हणालो. कुणीही म्हणाला असता ते.

तो शुद्धीवर होता. औषधांनी जीभ जड झालेली, पण थट्टा सुटली नव्हती. “दादा, अब तो मैं वकील बन जाता हूँ यार. तुम्हा लोकांना हात लागतच नाही कामाला.” मग म्हणाला, “एक सांग. सकाळी एक हवालदार म्हणत होता, अस्पताल ले चलो इसको, हाथ काला पड़ रहा है. तो चांगला होता. तर दुसरा म्हणाला, वकील साब ने मना किया है. असा कोण वकील असेल रे दादा?”

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं, मी पोलिसांत ऊठबस असलेला माणूस, मला ठाऊक असेल.

“ते असंच बोलतात,” मी म्हणालो. “घाबरवायला.”

त्याने मान हलवली. पटलं त्याला.

यानंतर मी जे केलं ते फक्त वकीलच करू शकतो. ज्या प्रकरणात आपण साक्षीदार आहोत, त्यात वकिलाने वकीलपत्र घ्यायचं नसतं. हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात. मी ते उलटं वापरलं. मीच त्याचा वकील झालो, म्हणजे मला साक्षीदार म्हणून कुणी बघणारच नाही. फी घेतली नाही. वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझा सत्कार झाला. पोलिसांकडून काम मिळत असूनही पोलिसांविरुद्ध उभा राहिलेला आपला माणूस, म्हणून. काकूंनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेतला, शाल घेतली, खाली मान घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

तक्रार मी मन लावून लिहिली. कलमं, निवाडे, सगळं चोख. एकच वाक्य गाळलं: ‘वकील साब ने मना किया है.’ त्याने विचारलं, “दादा, ते नाही टाकलं?” मी सांगितलं, ऐकीव गोष्ट आहे, त्याने आपली बाजू लंगडी पडते. त्याने पुन्हा मान हलवली.

सगळं प्रकरण एका गोष्टीवर अडलेलं होतं. तो सकाळपासून ठाण्यात होता, हे सिद्ध झालं तर काकूंच्या सहीचा कागद खोटा ठरत होता. नाही झालं तर तो मोटारसायकलवरून पडलेला एक ठेक्याचा मजूर होता. त्याच्याबरोबर नेलेले बाकीचे कामगार फिरले. ठेकेदाराने त्यांना काय सांगितलं असेल ते कळण्यासारखं आहे. ठाण्याच्या बाहेरचा पानवाला म्हणाला, मी तर त्या दिवशी गावी होतो. ठाण्याचे कॅमेरे बंद होते. भला हवालदार दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेला होता. मी त्याचा शोध घेतला नाही. घेतला असं काकूंना सांगितलं.

चौकशीचा दिवस आला. मोठ्या अधिकाऱ्याची खोली, भिंतीला कूलर, त्याच्या आवाजात सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं. तो सब-इन्स्पेक्टर समोर उभा राहिला आणि एकेक उत्तर देऊ लागला. सरळ, थोडक्यात, एकही जादा शब्द नाही. “जो रिकॉर्ड में है, वही मेरा जवाब है.” “इस बारे में मुझे व्यक्तिगत जानकारी नहीं.” वर्गात खोटी उलटतपासणी घेऊन हीच वाक्यं मी त्यांच्याकडून घोटून घेतली होती. विद्यार्थी हुशार होता. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “किती पाठ केलंय मेल्याने! कोणी शिकवलं असंन याले?”

मी पाणी प्यायलो.

अधिकाऱ्याने चष्मा काढला आणि मला विचारलं, “वकील साहब, सीधी बात है. कोई एक आदमी है आपके पास, जो कह सके कि ये लड़का दोपहर से पहले थाने में था?”

काकू माझ्याकडे बघत होत्या. तो बघत होता. पट्टीतला हात मांडीवर ठेवून. सब-इन्स्पेक्टरही बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या खोलीत त्याला माझी जितकी भीती वाटत होती, तितकी कुणाचीच वाटत नव्हती, हे मला दिसलं. मी उठून म्हणायला हवं होतं: आहे, सर. मी आहे.

“नहीं, सर,” मी म्हणालो. “फ़िलहाल नहीं.”

बाहेर व्हरांड्यात सब-इन्स्पेक्टर माझ्याजवळून जाताना थांबला. सॅल्यूट केला. आवाज खाली आणून म्हणाला, “सर, मान लीजिए मैं आपका नाम ले लेता?” मी फाईल बगलेत मारली. “नहीं लिया,” तो म्हणाला, “आप भी याद रखिएगा.” एवढं बोलून तो जिना उतरला. काकू मागून आल्या. “काय म्हणत होता तो?” त्यांनी विचारलं. “माफी मागत होता,” मी म्हणालो.

चौकशीत काही निघालं नाही. त्याच हिवाळ्यात चार इमलीला एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर मला चहाला बोलावलं होतं. हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या. ते म्हणाले, तुमचा समतोल आम्हाला आवडला, पुढच्या वर्षी सगळ्या विभागाचे वर्ग तुम्हीच घ्या. मी घेतले. अजूनही घेतो. ‘मान लीजिए’ म्हणत कुणी आलं की आता मी आधी विचारतो, तो माणूस या घडीला कुठे आहे. पण याने माझा त्या दिवसाचा हिशेब कुठेही बदलत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

काकूंचा मुलगा आता कारखान्याच्या फाटकाबाहेर सायकल स्टँड सांभाळतो. डाव्या हाताने चिठ्ठ्या फाडतो. मी दिसलो की ओरडतो, “दादा, गाडी लावा इथं, तुमच्याकडून काही घेणार नाही!” काकू दर उन्हाळ्यात माझ्या अरेरा कॉलनीतल्या घरी कुरडयांचा डबा पाठवतात. बायको तळते, मुलं खातात. मी पोट बरं नाही म्हणतो. एकदा काकू स्वतः आल्या होत्या. सोफ्याच्या कडेला बसून म्हणाल्या, “तू उभा राहिलास म्हणून मी जिवंत आहो. पण त्या सहीचं काही माझ्या मनातून जात नाही बाप्पा. देवापुढं बसली की तोच कागद दिसते.” तेव्हा मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी उठून पंखा वाढवला.

आता प्रकरण हायकोर्टात गेलं आहे. तिथे एका तरुण वकील मुलीने ते हाती घेतलं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिने कागद बारकाईने वाचले होते, आणि काकूंच्या मुलाशी तासन्‌तास बोलली होती.

“सर, तो म्हणतो, ‘वकील साब ने मना किया है’ असं त्याने ठाण्यात ऐकलं. हे तक्रारीत का नाही?”

“राहून गेलं असेल.”

“तुमच्याकडून?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सर, त्या दिवशी ठाण्यातल्या माणसांना सल्ला देईल असा वकील कोण असू शकतो, काही अंदाज? मला सकाळचा एक साक्षीदार मिळाला ना, तर सगळं उघडतं. एकच हवाय.”

मी म्हणालो, आठवून सांगतो. ती म्हणाली, “प्लीज, सर. पुढच्या तारखेआधी शपथपत्र द्यावं लागेल.” आवाजात संशय होता का, मला ठरवता आलेलं नाही. फोन ठेवल्यावर मी हे लिहायला बसलो. शपथपत्र लिहायला बसलो नाही, हे लिहायला बसलो, हेही नोंदवून ठेवतो.

तो दुपारच्या आधी ठाण्यात होता, त्याचा हात सुजलेला होता, आणि त्याला दवाखान्यात नेऊ नका हे मी सांगितलं, अशी शपथेवरची साक्ष मी त्याला देणं लागतो. आणि त्याआधी काकूंच्या समोर बसून, तुमच्या सहीचा तो कागद माझ्या सल्ल्याने लिहिला गेला, हे त्यांना सांगणं लागतो. दोन्ही मी अजून केलेलं नाही.